ओडी फिटत नाही, आता काय करायचं? कूलरवाल्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला काय समजलं ते लिहितो, चुकलं असेल तर सांगा.

कूलरचा धंदा, दुकान नागपूरच्या इतवारीत, जोडणी घराच्या मागच्या शेडमध्ये. राष्ट्रीयीकृत बँकेची १२ लाखांची ओडी (ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंत खात्यातून लागेल तशी उचल), व्याज साडेअकरा टक्के, तारण महालातलं घर, जामीनदार तुमचे साळे. मे महिन्यात पाऊस झाला, सीझन गेला, साठेक कूलर पडून आहेत. दोन महिने व्याज भरलं नाही, म्हणून खातं १२ लाख २३ हजारांवर आलं. मधल्या काळात बँकेचं व्याज भरायला एकाकडून शेकडा तीननं २ लाख घेतले. घरखर्च जाऊन महिन्याला १४ हजार उरतात, त्यातले ६ हजार त्या सावकाराला जातात. उमरेड रोडला एक प्लॉट आहे, तो मुलीच्या लग्नासाठी ठेवलाय. आणि शेवटी तुम्ही विचारलं, 'मला जेल होईल का, आणि घर जाईल का?'

मी तीस वर्षं बँकेत होतो, शेवटची काही वर्षं वसुलीच्या टेबलावर. म्हणजे तुम्हाला जी पत्रं येतात तशी पत्रं मीच पाठवत होतो. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतल्या लोकांना टेबलाच्या अलीकडे बसून तीच पत्रं समजावून सांगतो. त्यामुळे दोन्ही बाजू थोड्या माहीत आहेत.

आधी खरा प्रश्न काय ते पाहू. तुम्हाला वाटतं, प्रश्न १२ लाखांचा आहे. मला वाटतं, प्रश्न असा आहे की हे १२ लाख ओडीत आहेत. मुदत कर्जाला हप्ता असतो, हप्त्यात थोडी मुद्दल जाते, म्हणून ते कर्ज कधीतरी संपतं. ओडीला हप्ताच नसतो. महिन्याच्या शेवटी व्याज डेबिट पडतं, तुम्ही तेवढं भरता, आणि खातं जिथं होतं तिथंच. १२ लाखांवर साडेअकरा टक्के म्हणजे महिन्याला साडेअकरा हजार. हातात उरतात आठ हजार. पोटाला चिमटा घेऊन सगळे भरले तरी साडेतीन हजार कमीच पडतात, ते मुद्दलात जातात आणि पुढच्या महिन्यात त्यांच्यावरही व्याज लागतं. अशा खात्यात माणूस वीस वर्षं प्रामाणिकपणे व्याज भरतो आणि शेवटी तेवढंच देणं लागतो. माझ्या पाहण्यात गांधीबागेतला एक कापडवाला होता. त्यानं कधी एक दिवस उशीर केला नाही. क्रेडिट कार्डावरून रोख काढून ओडीचं व्याज भरायचा. बँकेच्या लेखी उत्तम ग्राहक. चार वर्षांनी आला तेव्हा ओडी जशीच्या तशी आणि कार्डांची देणी तिच्या निम्मी झाली होती.

म्हणून माझं सांगणं एकच आहे, बाकी सगळं त्याचंच पोटकलम. या कर्जाला शेवट असेल अशा रूपात ते बदलून घ्या, आणि तोवर त्याहून महाग पैसा त्यात ओतू नका.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. ओडी एकाच प्रकारची नसते. एफडीवरची असेल तर विशेष काही करायचं नसतं, एफडी मोडून हिशेब मिटवायचा, रडत बसून व्याजातला फरक भरण्यात अर्थ नाही. पगारावरची विनातारण असेल तर घराला थेट हात लागत नाही, पण बँक खात्यात आलेला पगार वळता करून घेऊ शकते. पतसंस्थेची असेल तर रस्ता पूर्ण वेगळा: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला निघतो, आणि तो निघाल्यावर पुनरीक्षण अर्ज करायचा तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणून पतसंस्थेच्या बाबतीत १०१ च्या सुनावणीची नोटीस आली की त्याच तारखेला हजर राहून हिशेबावर हरकत घ्यायची, नंतर नाही. तुमची आहे ती व्यापाराची, मालावरची, घर तारण असलेली. तिच्याबद्दलच पुढचं लिहितो.

तुमच्याकडे सगळ्यात जवळची तारीख नव्वद दिवसांची आहे. खातं सलग नव्वद दिवस लिमिटच्या किंवा ड्रॉइंग पॉवरच्या (मालाच्या किमतीवरून ठरणाऱ्या उचलीच्या मर्यादेच्या) वर राहिलं, किंवा लिमिटच्या आत असूनही नव्वद दिवसांत त्यात काहीच जमा झालं नाही, किंवा जे जमा झालं ते त्या काळातल्या व्याजाइतकंही नाही, तर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकलेलं कर्ज, होतं. हे बँक मॅनेजरच्या मनावर नसतं, संगणक करतो. तुमचे साधारण साठ दिवस झालेत. तुम्हाला वाटतं एनपीए टाळायला १२ लाख हवेत. नाही हो. खातं लिमिटच्या आत आणायला आणि तिमाहीचं व्याज भागवायला साधारण ३५ हजार हवेत. पण एकदा एनपीए झालं की नुसतं थोडंफार भरून ते परत वर येत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. आणि एनपीए खात्याला नाही, माणसाला लागतं: त्याच बँकेत तुमचं गाडीचं किंवा घराचं कर्ज नियमित चालू असलं तरी तेही एनपीएत जातं. दुसरं एक, जे लोक विसरतात: लिमिटचं नूतनीकरण. तारीख उलटून १८० दिवस झाले तर व्याज भरत असतानाही खातं एनपीए होऊ शकतं. तुमची नूतनीकरणाची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. मंजुरीपत्र काढून आजच बघा.

मग ३५ हजार कुठून आणायचे? सावकाराकडून नाही. तुमच्याकडे साठ कूलर आहेत. एकाची लागत तुम्ही साडेसहा हजार सांगता. इथं एक हिशेब करून बघा, कारण घाबरलेला माणूस नेमकी इथंच चूक करतो. साडेसहा हजारांच्या कूलरवर साडेअकरा टक्क्यांनी महिन्याचं व्याज बासष्ट रुपये. आठ महिने ठेवला, म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत, तर पाचशे. म्हणजे पुढच्या सीझनची वाट पाहण्याचा खर्च कूलरमागे पाचशे रुपये आहे, आणि आज कोणी व्यापारी चार हजारांत सगळा माल उचलतो म्हणाला तर तोटा अडीच हजारांचा आहे. सगळा माल फुंकून टाकू नका. पण सहा कूलर सहा हजारांनी मंगल कार्यालयाला, वसतिगृहाला, भाड्यानं कूलर देणाऱ्याला गेले तरी ३६ हजार येतात. तेवढेच विका. आणि ते पैसे ओडी खात्यातच भरा, हे का ते पुढे सांगतो.

सावकाराचं आता. शेकडा तीन ऐकायला बारीक वाटतं, वर्षाला ते ३६ टक्के आहे. बँकेच्या तिप्पट. १२ लाखांचं ओझं जड वाटतं म्हणून त्याची भीती वाटते, पण तुमचं रक्त पितंय ते दोन लाखांचं. वहिनींचं सोनं घरात आहे असं तुम्हीच लिहिलंय. मला ठाऊक आहे, हे वाक्य लिहिणं सोपं आहे आणि घरात बोलणं अवघड. माझ्यासमोर बसलेल्या कित्येक बायकांनी स्वतः बांगड्या काढून ठेवल्यात आणि नवऱ्यानं त्या परत सरकवल्यात. तरी हिशेब सांगतो: दोन लाखांचं सोनेतारण दहा टक्क्यांनी मिळालं तर व्याज महिन्याला सतराशेच्या आत, आज तुम्ही सहा हजार देता. विकलं तर तेही नाही. निर्णय दोघांनी बसून करा, पण सावकार या महिन्यात संपवा आणि त्याच्याकडे दिलेले कोरे चेक हातात घेतल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नका. तो परवानाधारक आहे का हेही बघा. नसेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ खाली सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार होते, आणि धमकी सुरू झाली तर ते तुमच्या कामी येईल.

आता तुमच्या प्रश्नातलं ते एक वाक्य, जे तुम्ही कंसात टाकलं होतं: 'स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल नऊ लाखांचा दाखवलाय.' स्टॉक स्टेटमेंट म्हणजे शिल्लक मालाचा बँकेला दिलेला हिशेब. प्रत्यक्षात साठ कूलर म्हणजे चार लाखांच्या आत. तुम्ही एकटे नाहीत, हे बहुतेक जण करतात आणि बँकेतलेही डोळेझाक करतात. पण आजपासून ते बंद. कर्ज न फिटणं हा गुन्हा नाही, खोटं स्टॉक स्टेटमेंट देणं ही फसवणूक ठरू शकते. खातं सुरळीत असतं तोवर ते कागद कोणी उघडत नाही, थकलं की पहिलं तेच उघडतात.

आणि त्या आकड्यातच तुमच्या अडचणीचं मूळ आहे. चार लाखांचा माल, त्यावर पंचवीस टक्के मार्जिन (बँक ज्यावर उचल देत नाही तो हिस्सा) काढलं तर ड्रॉइंग पॉवर उरते तीन लाख. उधारी थोडी धरा. म्हणजे १२ लाखांपैकी जेमतेम तीन-साडेतीन लाख खरोखर धंद्यात फिरताहेत. बाकीचे वडिलांच्या ऑपरेशनला, बहिणीच्या लग्नाला, शेडच्या पत्र्याला गेले, तुम्हीच लिहिलंय. कूलरसारख्या सीझनच्या धंद्यात ओडी कशी चालली पाहिजे? जानेवारीत माल भरताना वर जायची, अक्षय्य तृतीयेपर्यंत विक्री जमा होऊन खाली यायची, पावसाळ्यात जवळजवळ रिकामी दिसायची. तुमचं खातं तीन वर्षांत एकदाही दहा लाखांच्या खाली आलेलं नाही. जो पैसा पावसाळ्यातही खाली येत नाही तो खेळतं भांडवल नसतो. तो मुदत कर्ज असायला हवा होता आणि त्याला हप्ता हवा होता. हे तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही, बँकेनंही नूतनीकरणाच्या वेळी बघायला हवं होतं. सांगतो ते एवढ्यासाठी, की उपाय इथूनच निघतो.

पूर्ण १२ लाख सात वर्षांच्या हप्त्यात घातले तर हप्ता येतो २० हजार ९०० च्या आसपास. तो तुम्हाला झेपत नाही. दहा वर्षं केली तरी जवळजवळ १७ हजार. म्हणून प्लॉट विकल्याशिवाय हे गणित सुटत नाही, हे मी गोड करून सांगणार नाही. तुम्ही प्लॉटची किंमत सात लाख सांगता. आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) झालेला असेल तर तेवढे येतील, नसेल तर भाव पडेल आणि गिऱ्हाईकही उशिरा मिळेल. सात लाख आले असं धरू. उरतात साधारण सव्वापाच ते साडेपाच लाख. त्यातले तीन लाख पाच वर्षांच्या मुदत कर्जात टाकून मागा: हप्ता ६,६०० च्या आसपास. बाकीची अडीच लाखांच्या आतली लिमिट सीझनसाठी ओडी म्हणून राहू द्या, तिचं व्याज पूर्ण वापरली तरी साडेबावीसशे-चोवीसशे. एकूण नऊ हजारांच्या आसपास. सावकार गेलेला असेल तर तुमच्याकडे १४ हजार आहेत. पाच हजार श्वास घ्यायला उरतात, आणि ते उरायलाच हवेत, कारण पुढच्या मेमध्येही पाऊस येऊ शकतो.

बँक ऐकेल का? तीच अडचण. कर्जाची पुनर्रचना केली की सहसा ते खातं तिथंच एनपीएत टाकावं लागतं, म्हणून शाखेतला माणूस त्या शब्दालाच बिचकतो. शाखेला तुलनेनं सोपं जातं ते नूतनीकरणाच्या वेळी कमी लिमिट मंजूर करून दरमहा ती काही हजारांनी खाली आणत जाणं. परिणाम हप्त्यासारखाच. तोंडी विचारू नका. एका पानाचं पत्र द्या: देणं किती, खरा माल किती, घरखर्च जाऊन किती उरतं, प्लॉट विकायला काढलाय, किती दिवसांत अपेक्षा आहे, आणि त्यानंतर तुम्ही काय मागता. सोबत प्लॉटची कागदपत्रं. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख. मी टेबलापलीकडे होतो तेव्हा शिक्का मारलेलं पत्र फाईलला लागलं की त्यावर काहीतरी लिहावंच लागायचं. 'साहेब, बघा ना काहीतरी' हे कुठंच लागत नाही.

लघुउद्योगांसाठी एक चौकट आहे, सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांचं पुनरुज्जीवन आणि पुनर्वसन, रिझर्व्ह बँकेनं मार्च २०१६ मध्ये व्यापारी बँकांना घालून दिलेली. २५ कोटींपर्यंतच्या कर्जांना लागू आहे. दहा लाखांपर्यंतचं प्रकरण शाखा व्यवस्थापकाच्या पातळीवर, त्यावरचं समितीकडे. कर्जदार स्वतःहून अर्ज करू शकतो. पण उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल आणि ती खातं एनपीए होण्याआधी बँकेच्या फाईलला लागली असेल तर तुमचा शब्द भक्कम. नोंदणी मोफत आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते. एजंटला पैसे देऊ नका.

दोन गोष्टी करू नका, ज्या या टप्प्यावर सगळे सुचवतात. एक, प्लॉट भावाच्या किंवा पत्नीच्या नावावर करणं. ज्यांचं देणं आहे त्यांना चुकवायला केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द होऊ शकतं, आणि बँकेशी बोलणी करताना तुमची पत जाते ती वेगळीच. दोन, दुकानाची विक्री दुसऱ्या बँकेत वळवणं. माल बँकेकडे गहाण आहे, त्याचा पैसा बाहेर गेला तर तो निधी वळवणं ठरतो, आणि विश्वासघाताच्या कलमापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. सहा कूलरचे पैसे ओडीतच भरा म्हणालो ते म्हणूनच. घरखर्चाचं बचत खातं मात्र दुसऱ्या बँकेत असणं शहाणपणाचं. एकाच बँकेत बचत खातं असेल तर थकबाकीपोटी ते वळतं करून घेण्याचा अधिकार बँकेला असतो, आणि मुलीची फी भरायच्या दिवशी खातं शून्य दिसतं.

आता जेलचं. ओडी थकली म्हणून कोणी जेलमध्ये टाकत नाही, ही दिवाणी बाब आहे. धोका दोन ठिकाणी: न वटलेला चेक आणि खोटे कागद. चेक परत आला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली नोटीस येते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरली तर गुन्हा होत नाही. न भरता हातावर हात ठेवून बसलात तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड. सावकाराकडचे कोरे चेक म्हणूनच मला बँकेपेक्षा जास्त बोचतात.

घराचं थोडं लांबून सांगतो, कारण इथं माणसं झोप घालवतात आणि नेमकं करायचं ते करत नाहीत. समजा प्लॉट विकला गेला नाही आणि खातं एनपीए झालं. बँक सरफेसी कायदा २००२ (कोर्टात दावा न करता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) खाली कलम १३(२) ची नोटीस पाठवेल. तिच्यात साठ दिवसांची मुदत असते. या साठ दिवसांत घराला कोणी कुलूप लावत नाही. नोटिशीला तुम्ही लेखी आक्षेप दिला तर बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. आकडा तपासा: कुठल्या तारखेला एनपीए धरलं, किती व्याज लावलं. दंडाच्या व्याजाबद्दल रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये नियम बदलले. आता ते 'शुल्क' म्हणूनच लावता येतं आणि मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. स्टेटमेंटमध्ये तसं झालेलं दिसलं तर ते लिहून द्या. नोटिशीनंतर तारण मालमत्ता बँकेच्या संमतीशिवाय विकता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

साठ दिवसांनंतर कलम १३(४) खाली ताबा. आधी सहसा कागदोपत्री, दारावर नोटीस आणि वर्तमानपत्रात जाहिरात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, ते आपल्या नागपुरातच आहे. काही जण सांगतील की न्यायाधिकरण वीस लाखांवरच्यालाच. ती मर्यादा बँकेनं वसुलीचा दावा करण्याची आहे, सरफेसीविरुद्धच्या तुमच्या अर्जाला ती लागू नाही. आणि पूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन धावणाऱ्यांना मी परत जाताना पाहिलंय. एका बाईंची गोष्ट आठवते. नवरा गेला, त्या जामीनदार होत्या. बँकेची आठ पाकिटं त्यांनी देवघरात गणपतीच्या मागे न उघडता ठेवली होती. साठ दिवस, पंचेचाळीस दिवस, सगळं त्या पाकिटांत संपून गेलं होतं. पाकीट उघडा. भीती वाटत असेल तर दुसऱ्या कोणाला उघडायला सांगा.

वेळ आलीच तर घर लिलावात जाऊ देण्यापेक्षा स्वतः गिऱ्हाईक शोधून बँकेच्या संमतीनं विकणं केव्हाही बरं. लिलावाला येणारा माणूस पडलेल्या भावासाठीच येतो.

वन टाईम सेटलमेंटबद्दल (एकरकमी तडजोडीबद्दल) लोकांच्या फार कल्पना असतात. 'थकवा, मग बँक निम्म्यात सोडते' असं कोणीतरी तुम्हाला सांगितलंय. ज्याचं तारण कुचकामी त्याला सूट मिळते. तुमचं तारण महालातलं घर आहे, बँक मुद्दल कशाला सोडेल? फार तर थकीत व्याजात सूट. शिवाय तो हक्क नाही, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट सांगितलंय. मिळालीच तर लेखी घ्या: एकूण किती, कोणत्या तारखेपर्यंत, त्यानंतर खटले मागे आणि कागद परत. एक तारीख चुकली तर तडजोड मोडते आणि भरलेले पैसे जुन्या देण्यात जमा होतात. सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या नोंदींत) 'सेटल्ड' असा शेरा पडतो, 'क्लोज्ड' नाही, आणि पुढची काही वर्षं नवं कर्ज मागताना तो आडवा येतो. लोकअदालतीचा रस्ता मात्र जरूर धरा. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, दाव्याआधीची प्रकरणंही तिथं घेतात, फी लागत नाही, आणि तिथला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच पक्का असतो. म्हणून झेपेल तोच हप्ता कबूल करा. तिथल्या गर्दीत, सगळे माना डोलवताना, 'हो हो भरतो' म्हणून सही करणारे पुढच्या महिन्यात परत अडकतात.

साळ्यांना तुम्ही अजून सांगितलेलं नाही. सांगा, आणि बँकेचं पत्र त्यांच्या दारात पोचायच्या आधी सांगा. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँक आधी त्यांच्याकडेही जाऊ शकते. ते शाळेत नोकरीला आहेत, पगार जप्तीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ची मर्यादा आहे, पीएफला हात लागत नाही, पण शाळेत पत्र गेलं की व्हायची ती शोभा होतेच. प्लॉट विकायला तेच तुम्हाला मदत करतील असा माझा अंदाज आहे. त्यांचंही त्यात हित आहे.

वसुलीवाल्यांचे फोन: सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायची त्यांना मनाई आहे, शिवीगाळ आणि नातेवाइकांना फोन करून बदनामी करणं यालाही. तारीख-वेळ लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला वकील लागत नाही.

आणि झोपेचं. तुम्ही लिहिलंय की रात्री तीनला जाग येते आणि नको ते विचार येतात. त्याला कर्जाचा भाग समजून सोडून देऊ नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आज रात्रीच लावा. बँक सकाळी दहाला उघडते.

थोडक्यात क्रम: या आठवड्यात सहा कूलर, ३५ हजार, ओडीत. याच महिन्यात सावकार, चेक परत. उद्यम नोंदणी आणि आवक शिक्क्याचं पत्र नव्वद दिवसांच्या आत. प्लॉट बाजारात, पण इसार घेताना भांडवली नफ्यावरच्या कराचे पैसे बाजूला ठेवा आणि सीएला एकदा विचारा. खरं स्टॉक स्टेटमेंट त्या पत्रासोबतच द्या, आधी नको, कारण नुसतं ते दिलं तर ड्रॉइंग पॉवर एका दिवसात तीन लाखांवर येईल आणि बोलायला हातात काही उरणार नाही. योजनेसोबत दिलं तर तोच कागद तुमच्या खरेपणाचा पुरावा होतो. अर्थात दरम्यान बँकेनं मागितलं तर खरंच द्या, पुन्हा नऊ लाख लिहू नका.

मला तीन गोष्टी कळवा: लिमिटच्या नूतनीकरणाची तारीख, प्लॉटची आरएल आहे की नाही, आणि सावकाराकडे किती चेक आहेत. महालातलं घर तुमच्या एकट्याच्या नावावर आहे की आईचंही नाव आहे, तेही बघा. आईची सही गहाणखतावर कशी आणि कुठं झाली यावर पुढचं बरंच ठरतं.